भजीच्या गाडीवरच्या अंगणवाड्या

सरकारी खात्याकडे नकाशा मागायला जाणं म्हणजे शेजारणीकडे तिची पैठणी मागायला जाणं. नाही कुणीच म्हणत नाही. "देऊ की" म्हणतात, चहा पाजतात, आणि कपाटाची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.

ही विद्या मी पालघरला शिकले. जिल्ह्याच्या ठिकाणी आमचा एक कक्ष होता, कक्षात तीन टेबलं, आणि तिसऱ्या टेबलाशी मी, कंत्राटी नकाशातज्ज्ञ. जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांकडचे सगळे नकाशे एका पोर्टलवर आणायचे, हे आमचं काम. म्हणजे रस्ता असो, ओढा असो, शाळा असो, ज्याला जे हवं ते त्याने एका जागी शोधावं आणि उतरवून घ्यावं. मी बोईसरहून रोज यायची. डब्यात भाजी-पोळी असायची आणि डोक्यात देशसेवा.

पहिल्या सहा महिन्यांत पोर्टलवर जमा झाली ती पत्रं. आपापले नकाशे चढवा, असं आम्ही खात्यांना कळवलं होतं. खात्यांनी नकाशाऐवजी, नकाशा आमच्याकडे आहे असं सांगणारं पत्र स्कॅन करून चढवलं. "ओढे" म्हणून शोधलं की सहीशिक्क्याचा कागद उघडायचा: सदर नकाशा या कार्यालयात कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल. मी कपाळावर हात मारून घेतला. आमचे साहेब मात्र खूश होते, कारण ज्या खात्याने काहीतरी चढवलं त्याच्या नावापुढे हिरवी खूण यायची. साहेब भला माणूस. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, कुणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि पडद्यावर हिरवं दिसलं की त्यांना शांत झोप लागायची.

मग खूप पाठपुरावा केल्यावर खरे नकाशे येऊ लागले आणि पत्रं बरी होती असं वाटायला लागलं. एकावर एक थर ठेवले तेव्हा वैतरणा नदी तीन ठिकाणांहून वाहू लागली आणि शिरगावचा किल्ला एका नकाशात चक्क पाण्यात गेला. खरी नदी कोणती हे ठरवायला बैठक बोलावली, तर प्रत्येक खात्याने आपलीच नदी जुनी असल्याचं सांगितलं. आपला तो बाब्या. शेवटी साहेबांनी तिन्ही नद्या ठेवल्या. म्हणाले, जिल्ह्यात पाण्याची टंचाई आहे, असू द्या. त्याच बैठकीत ठराव झाला की ज्याचा थर त्याचा अधिकार, आणि आमच्या कक्षाने कुणाचा एक ठिपकाही इकडचा तिकडे करायचा नाही. त्या ठरावाखाली मीच टिपण लिहिलं, चांगल्या अक्षरात.

अंगणवाड्यांचा थर यायचा होता. त्यासाठी सेविकांना मोबाईलवर एक अ‍ॅप दिलं होतं. केंद्रात उभं राहायचं, नाव आणि मुलांची संख्या भरायची, फोटो काढायचा आणि "पाठवा" दाबायचं. जागा कुठली हे अ‍ॅप स्वतःच टिपून घ्यायचं, पण माहिती खरोखर पोहोचेल त्या क्षणी. बोईसरच्या पूर्वेला डोंगरात जे पाडे आहेत तिथे रेंज नावालाही नाही. सेविकांनी मग फोन करायचा असला की जे करतात तेच केलं. माहिती पाड्यावर भरली आणि खाली उतरून बेटेगावच्या अलीकडच्या वळणावर आल्या. तिथे एक भजीची गाडी लागते आणि गाडीपाशी रेंज पूर्ण असते. प्रत्येकीने तिथे "पाठवा" दाबलं. दोन दिवस गाडीवर नुसती जत्रा होती, असं मागाहून कळलं.

मला हे कळलं ते मुंबईहून आलेल्या मोठ्या पाहुण्यांना पोर्टल दाखवताना. सभागृह भरलेलं, पडदा भिंतीएवढा. मी अंगणवाड्यांचा थर उघडला. डोंगरात एकच ठिपका. साहेब कानाशी येऊन म्हणाले, येतील, हळूहळू येतील. काही आले नाहीत. मी ठिपका मोठा करत गेले, तेव्हा खालच्या उपग्रहचित्रात आधी वळण दिसलं, मग निळं प्लास्टिक टाकलेली भजीची गाडी. गाडीवर टिचकी मारली आणि नावांची यादी उघडली, ती पडद्याच्या तळापर्यंत गेली तरी संपेना. पाहुण्यांनी चष्मा वर केला, यादी पाहिली आणि म्हणाले की या भागात सेवेची पोहोच फारच दाट दिसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती मान आठवली की आजही मला माझाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाड्यांच्या खात्याला चूक कळवणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं की माहिती विहित अ‍ॅपमधून आलेली व प्रमाणित आहे, सबब चूक संभवत नाही. तेवढ्यात दुसऱ्याच एका कार्यालयात कुणीतरी तो थर उतरवून घेतला. त्याच्यासाठीच तर पोर्टल होतं. जवळजवळ असलेली केंद्रं एकत्र करायची, असा त्या कार्यालयाचा नियम. यंत्राने अंतरं काढली, आणि डोंगरातल्या सेविकांना आपोआप पत्रं गेली: आपल्या केंद्रापासून दुसरे केंद्र शून्य मीटर अंतरावर असल्याने पुढील महिन्यापासून आपले केंद्र बंद करून मुलांचे तेथे समायोजन करावे व तसा अहवाल सादर करावा.

ते पत्र घेऊन एक सेविका आमच्या कक्षात आली. पन्नाशीची, अंगाने काटक, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेलं. तिने विचारलं, "मॅडम, शून्य मीटर म्हंजे किती लांब?"

मला वाटलं बाईला मीटर कळत नाही. मी कागद घेतला, रेघ ओढली आणि समजावू लागले. तिने माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"ते मला येतं. मीच शिकवते पोरांना," ती म्हणाली. "पण तिथं जायला दोन डोंगर नि एक ओहोळ हाय. तीन वर्साच्या पोराला शून्य मीटर कसं चालवू?"

मी रेघ ओढलेला कागद हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला. मग तिने बसून सगळं सांगितलं. पाड्यावरची बरीच माणसं भातकापणी झाली की कामाला बाहेर पडतात, मुलं म्हाताऱ्यांकडे राहतात. दुपारी अंगणवाडीत मिळतं ते ताट त्यांचं दिवसाचं खरं जेवण. केंद्र बंद म्हणजे चूल बंद. मुलं गाडीपर्यंत चालत जाणार नाहीत, आणि गेली तरी तिथे भजीच आहे. महिना संपायला नऊ दिवस होते.

मी ठिपका हलवायचं मनावर घेतलं आणि माझ्याच ठरावावर माझं घोडं अडलं. ज्याचा थर त्या खात्याच्या नियमाने दुरुस्ती फक्त सेविकेने, फक्त अ‍ॅपमधून आणि प्रत्यक्ष जागेवरूनच पाठवायची होती. जागेवर रेंज नाही. रेंज नाही हे सिद्ध केलं तर कागदावर दुरुस्ती चालणार होती. पण रेंजचाही थर आमच्याच पोर्टलवर होता आणि त्यात तो अख्खा डोंगर हिरवा होता. मोबाईल कंपनीने कळवलं तसा मीच रंगवलेला. साहेबांचा तो सर्वात आवडता थर. त्यांनी तो उघडून मला प्रेमाने दाखवला आणि म्हणाले, "हिरवं आहे की."

शेवटी मी सेविकेबरोबर पाड्यावर गेले. जीप जिथवर गेली तिथवर जीप, पुढे पाय. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे सारवलेली ओसरी. मी माझं हातातलं यंत्र काढलं आणि जागेचं मोजमाप टिपलं, अगदी बिनचूक, आणि कुणाच्याही उपयोगाचं नाही. मग सेविकेचा फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले आणि हात वर करून रेंज शोधत उभी राहिले. एक काडी आली, गेली. खाली पाहते तर सगळी मुलं ओळीने उभी राहून माझ्यासारखाच एक हात वर धरून होती. त्यांना वाटलं ही नवीन बाई कवायत घेते आहे. मी हात बदलला, त्यांनीही बदलला. मदतनीस बाई खिचडी वाढायची सोडून हसत सुटली.

मी टाकीवरून उतरले तेव्हा सेविका ओसरीवर ते पत्र पुन्हा वाचत बसली होती.

"मॅडम, ह्याच्यात लिवलंय की पोरांना शून्य मीटर हलवा."

मी म्हटलं हो.

"मंग हलवते की."

मला वाटलं वैतागून बोलते आहे. पण तिने मुलांच्या पाटीवरचा खडू बाजूला ठेवला, वहीचं पान फाडलं आणि गिरवल्यासारख्या अक्षरात अहवाल लिहिला: आदेशाप्रमाणे जुने केंद्र बंद केले. मुलांना तेथून शून्य मीटर अंतरावरील केंद्रात हलविले. मुले सुखरूप आहेत.

ते वाचून मी जी हसायला लागले ती थांबेचना. ती मात्र हसली नाही.

"हसू नका. चालंल का तेवडं सांगा."

चाललं. अहवाल वेळेत आला म्हणून खात्यात कौतुकच झालं. पण नियमाप्रमाणे मुलं हलवल्याची खात्री नकाशावर करून तसा दाखला आमच्या कक्षाने द्यायचा होता. साहेबांनी कागद वाचला, दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे सरकवला. तांत्रिक बाब आहे, तुम्हीच तज्ज्ञ, म्हणाले. दाखल्यावर नाव माझं जाणार होतं. उद्या कुणी डोंगर चढून पाहिलं असतं तर माझं कंत्राट तिथेच संपलं असतं, आणि मला ते हवं होतं. भित्रेपणा माझ्यात भरपूर आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

सेविका टेबलापलीकडे उभी होती. तिच्या मागे दारात आणखी आठ-दहा जणी, सगळ्या वेगवेगळ्या पाड्यांच्या, आणि प्रत्येकीच्या हातात वहीचं फाडलेलं पान. तिने सगळ्यांना मजकूर लिहून दिला होता. मी पोर्टल उघडलं, अंतर मोजायची फीत घेतली आणि जुन्या केंद्राच्या ठिपक्यापासून नव्या केंद्राच्या ठिपक्यापर्यंत लावली. शून्य मीटर. इतके महिने मी खात्यांशी भांडत होते ते ठिपका खरा असावा म्हणून. आता हा खोटा ठिपका जागचा हलू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते. मी सही केली. मग दुसरीच्या कागदावर, तिसरीच्या, दारातल्या शेवटच्या बाईच्याही. पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली आणि साहेबांचा चेहरा उजळत गेला.

सेविकेने दाखला उलटा करून पाहिला, शिक्का पाहिला.

"म्हंजे चूल बंद नाय करायची?"

"नाही करायची, ताई," मी म्हटलं.

तिने दाखला पिशवीत घातला, पिशवी कमरेला खोचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मंग निघते मॅडम. उद्याची चवळी भिजत घालायची हाय."