गेरूचा ठप्पा

तुळशीचा ओटा रंगवायला गेरू भिजवला आणि त्या वासानं साठेक वर्षांपूर्वीचं, नेरजवळचं माझं सासर आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आमची मेंढरं खोकून खोकून मरू लागली. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात जंत झालेत. कळप पळवा, जे खोकेल त्याच्यावर खूण करा आणि वेगळं बांधा. सासरे कळपामागं धावले, सासूबाई गेरूत हात बुडवून खोकणाऱ्या मेंढरांवर ठप्पे मारत गेल्या. शेवटी सगळ्यांत मोठी ढास लागली ती विडीबाज सासऱ्यांनाच. सासूबाईंनी त्यांच्याही पाठीवर ठप्पा मारला. “काय करून राह्यली वं?” “जे खोकन त्याले येगळं बांधा, डॉक्टरच म्हणते!” आठवडाभर त्यांची खाट आजारी मेंढरांपाशी होती. आत्ताच ओसरीवर माझ्या म्हाताऱ्याला ठसका लागला. मी ओरडले, “गेरू वलाच हाय म्हटलं!” विडी लगेच चपलेखाली गेली.