मार्लिनच्या वडिलांचं अर्धंच बोलणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही जे सांगितलं ते खोटंच. तुम्हाला का सांगतोय – कोण जाणे.

दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसातून एका कॅरिबियन बेटाचे पासपोर्ट विकले जातात. कायदेशीर असतं सगळं. गुंतवणूक करा, नागरिक व्हा. मी जाहिराती आणि फिल्म करतो. मार्लिन त्याच बेटावरची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

बेटाच्या स्वातंत्र्यदिनाला इथल्या हॉटेलात मोठा कार्यक्रम होता. बेटाच्या पहिल्या पंतप्रधानांवर फिल्म करायची होती. इंग्रजांकडून स्वातंत्र्य मिळवणारा, शाळा बांधणारा माणूस. आणि नंतर संपकऱ्यांवर पोलीस सोडणाराही तोच. मार्लिनचे वडील त्या संपात होते. तिच्या आईनं घरात त्या पुढाऱ्याचा फोटो लावला होता. वडील त्या फोटोकडे पाठ करून जेवायचे. एकाच घरात दोन्ही – आणि दोघंही खरी. नाही का?

फिल्ममध्ये वडिलांना घ्यायची कल्पना माझीच. म्हातारा तयार नव्हता. त्या संपाबद्दल तो पोरीशीही कधी बोलला नव्हता. व्हिडिओ कॉलवर मीच म्हणालो, "अंकल, तुम्ही बोला. सगळं दाखवीन. शब्द देतो."

तो बोलला. "त्यानं आम्हाला ताठ मानेनं उभं राहायला शिकवलं. तो आमचा बाप होता." मग – "आणि त्याच्याच पोलिसांनी कोठडीत माझा पाय मोडला. तो दारात उभा राहून बघत होता." माझ्या शेजारी बसलेली मार्लिन तोंडावर हात दाबून रडत होती.

हॉलमध्ये लोकांनी फक्त पहिली दोन वाक्यं ऐकली. "तो आमचा बाप होता." टाळ्या. बेटावरून आलेले मंत्री उठून उभे राहिले.

मार्लिननं मला बाहेर गाठलं. "बाकीचं कुठंय?"

"साळवीसाहेबांनी कापायला लावलं," मी म्हणालो.

साळवी म्हणजे आमचे बॉस. ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये शिरली, नको नको ते बोलली. ते चक्रावले. मग भडकले. "खलास! उद्यापासून येऊ नकोस." त्या गोंगाटात मी कुठं होतो? काचेच्या अलीकडे. कानाला हेडफोन लावून.

साळवींनी काहीच कापायला सांगितलं नव्हतं. ती मुलाखत त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. कापली मी. कुणी न सांगता. व्हिसा, घरभाडं, मुलीची शाळा – ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मनात एवढंच होतं, की टाळ्या पडाव्यात. मूळ मुलाखत मी त्याच आठवड्यात पुसून टाकली.

फिल्म बेटावरही दाखवली गेली. संपातले जुने सोबती म्हाताऱ्याच्या दारावरून न बोलता जायला लागले – विकला गेला म्हणून. पुढच्याच वर्षी तो वारला.

मार्लिन आता रास अल खैमात एका टाइल्सच्या कंपनीत आहे. गेल्या नाताळात आमच्या घरी आली, केक घेऊन. बायकोनं चहा ठेवला. मार्लिननं हळूच विचारलं, "बाबांचं ते बोलणं कुठं उरलंय का? नुसता आवाज असला तरी चालेल."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. नाही का?

"साहेबांनी सगळं पुसायला लावलं," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तू तरी काय करणार होतास," म्हणाली.

मी मान डोलावली. मग तिनं कापून दिलेला केक खाल्ला.