चार महिने मागून आलेल्या ताई

वाचनालयात कुणी विद्यार्थी शिरला, की ताई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. समोरचा पोरगा बावीसचा, ताई सेहेचाळीसच्या. "बसा हो ताई," मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "सिनियर होय भाऊ ते. माह्यापेक्षा चार महिने पयले आले."

मी नागपुरातल्या एका लॉ कॉलेजचा ग्रंथपाल. त्या वर्षी प्रवेशाच्या फेऱ्या मारुतीच्या शेपटासारख्या लांबल्या. वर्ग सप्टेंबरात सुरू झाले आणि ताईंचं नाव लागलं शेवटच्या यादीत, जानेवारीत. उमरेडहून एसटीने यायच्या. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, आणि ह्या मला विचारतात, "भाऊ, कायद्याची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?" मी हसलो. हसायला नको होतं.

माहेरी संत्र्याची बाग. "मृग हुकला, त अंबिया धरावा," हे त्यांचं पालुपद. पावसाळ्यातला बहार हातचा गेला, की झाडाचं पाणी तोडतात आणि मग हिवाळ्यात ते फुलवतात. ताईंचं बी.ए. झालं आणि लगेच लग्न. "पंचवीस वर्षं माहं पाणी तोडून ठेवलं भाऊ. आता फुलते का पाहू."

बुडालेले चार महिने भरून काढायला त्या सिनियरांच्या वह्या उतरवायच्या. बदल्यात डब्यातून कोथिंबिरीच्या सांबारवड्या. मग काय, ज्याने आयुष्यात वही केली नव्हती तोही वही घेऊन हजर! उतरवणं इतकं इमानदार, की समासातलंसुद्धा सुटायचं नाही. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

करार कायद्याच्या चाचणीत ताईंनी प्रस्तावाची पाठ केलेली व्याख्या लिहिली आणि त्याच ओघात पुढे लिहिलं, 'सर आज परत कालचंच शिकवून राहिले.' वहीच्या मूळ मालकिणीने कंटाळून लिहिलेलं वाक्य होतं ते.

सर उत्तरपत्रिका घेऊन तडक वाचनालयात आले. "कुणाची वही?"

"माहीच, सर."

"ऑक्टोबरात मी हे शिकवलं, तेव्हा तुम्ही होता कुठे?"

मला हसू आवरेना. पण सर हसण्यावारी नेणारे नव्हते. उशिरा आलेल्यांची हजेरी कमी, म्हणून परीक्षेला बसायला प्रत्येक सरांची सही लागायची. "नाव सांगा, नाहीतर सही विसरा," म्हणून ते निघून गेले.

वही कुणाची हे मला ठाऊक होतं. ती मुलगी कोपऱ्यातल्या टेबलाशी मान खाली घालून बसली होती. मी हळूच म्हटलं, "सांगून टाका ना ताई. फार तर तिला चाचणीत शून्य देतील."

"तिच्या घरी पोरगा पाहून राहिले भाऊ. एका विषयात जरी गेली, त शिकणं बंद म्हणते बाप. मले का, मले थांबाची सवय हाय."

सही झाली नाही. परीक्षेच्या दिवशी ताई तरीही नेहमीच्या बसने आल्या. घरी त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. त्या मुलीच्या हातावर दही-साखर ठेवली, "जाय वं, सोपा जाईन पेपर," म्हणाल्या, आणि तीन तास वाचनालयात पुस्तक उघडून बसल्या. पान एकही उलटलं नाही. मी सरांकडे जाऊन दोन शब्द बोलू शकलो असतो. गेलो नाही. आजही त्याची लाज वाटते.

ताईंनी ते पेपर पुढच्या तुकडीबरोबर दिले. वर्षभर उशिरा वकील झाल्या. आता उमरेडलाच असतात. इकडे येणं होत नाही.

ती मुलगी त्या वर्षी पास झाली, लग्नही लांबलं. आता ती आमच्याच कॉलेजात शिकवते. शेवटच्या यादीतली मुलं अजूनही जानेवारीत भांबावलेली येतात. दर रविवारी ती त्यांना पहिल्या दिवसापासूनचं सगळं शिकवते. तिला कुणी सांगितलेलं नाही, त्याचा पगारही नाही.

रविवारी माझी सुट्टी असते. वर्गाची किल्ली घेऊन मी तिच्या आधी येऊन उभा असतो.