आधी पडदा ओढ

“आधी तो पडदा ओढ बघू.”

सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये ताईंचा प्रवेश या वाक्याने व्हायचा. मी उठायच्या आत त्या स्वतःच खिडकीशी पोचलेल्या असायच्या. पडद्याच्या कड्या खर्रकन वाजायच्या आणि भर दुपारी आमच्या घरात संध्याकाळ व्हायची. “ऊन रंग खातं रे,” सोफ्याच्या कव्हरकडे बघत त्या म्हणायच्या. कव्हर सेलमधलं होतं. त्याचा रंग कुणी खाल्ला असता तर आम्ही आभारच मानले असते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरात आपले नियम लावतात आणि वर चहात साखर कमी आहे म्हणून सांगतात.

ताई समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या. बरीच वर्षं जपानमध्ये कापड रंगवायला शिकल्या आणि मग इथल्या एका विद्यापीठात संशोधनाला आल्या. जपानमधल्या म्हाताऱ्या गुरूबाईंनी आपल्या शेवटच्या दिवसांत त्यांना लाल रेशमाचं एक कापड दिलं होतं, जुन्या किमोनोचं अस्तर. तो लाल करडईच्या फुलांचा. “आपण करडईचं तेल काढून मोकळे झालो, त्यांनी रंग काढला,” असं सांगताना त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू तेल मीच काढलं होतं. हा रंग उजेडात टिकत नाही. अस्तरात दडून होता म्हणून इतकी वर्षं राहिला.

आणि हेच कापड त्यांनी प्रदर्शनात टांगायचं ठरवलं. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला अर्थातच मी, शेजारचा सॉफ्टवेअरवाला.

“कॅमेरा बघेल, रंग किती उडाला. तेवढाच लाल प्रोजेक्टरने वरून टाकायचा. कापड कायम पहिल्यासारखं दिसलं पाहिजे.”

“पण ताई, प्रोजेक्टरच्या उजेडानेच तो उडणार ना?”

“हो.”

“मग उजेड वाढवावा लागणार. मग आणखी उडणार.”

“कळलं की तुला!”

माझ्या सोफ्याच्या काळजीने कासावीस होणारी बाई हे बोलत होती. मी कपाळाला हात लावला.

मग सुरू झाला लाल. “हा टोमॅटोचा.” “हा चायनीज न्यू इयरचा.” “हा लाल आहे? हा तर डोळे आल्यासारखा दिसतोय.” मी एमआरटीच्या गाडीत असलो, मीटिंगमध्ये असलो, तरी फोन यायचा. माझी लेक म्हणाली, “बाबा, आंटी सो फिअर्स लाह, जस्ट डोन्ट पिक अप.” न उचलून सांगता कुणाला! त्या दारात यायच्या आणि पडदा ओढायच्या.

शेवटी एकदाचं प्रदर्शन लागलं, आणि नवीनच त्रास. आर्ट गॅलरीतून मला तक्रारी यायला लागल्या की प्रोजेक्टर सारखा बंद पडतो. शनिवारी जाऊन बघतो तर बंद करणाऱ्या ताईच.

“जरा विश्रांती नको का त्याला?”

“कुणाला, प्रोजेक्टरला?”

“कापडाला.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “ताई, एक काय ते ठरवा! दाखवायचंय की जपायचंय?”

त्या बाकावर बसल्या. “देताना गुरूबाई म्हणाल्या, वापर, पेटीत ठेवू नकोस. म्हणून लावलं. पण बघवत नाही रे.”

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून आणखीच राग आला. मी प्रोजेक्टर पुन्हा चालू केला.

शेवटच्या दिवशी लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, “आता कर बंद.” मी केला. बंद करेपर्यंत कापड लालच दिसत होतं. समोर एक पिवळट पांढरं फडकं लोंबत होतं. ताईंनी त्यावरून हात फिरवला. “छान लिहिलास हं प्रोग्रॅम,” म्हणाल्या. असं कौतुक पुन्हा कुणी करू नये.

वर काठी घालायला कापड दुमडून शिवलं होतं. ती शिवण त्यांनी उसवली. दुमडीच्या आत बोटभर रुंदीची पट्टी राहिली होती, लाल. इतके दिवस मी स्क्रीनवर जो शोधत होतो, तो लाल हा होता आणि मला तो कधीच जमला नव्हता.

इथे राहायचा पास संपल्यावर ताई लातूरला परतल्या. जाताना काळ्या कागदात गुंडाळलेली ती पट्टी माझ्या हातात दिली. “तू ठेव. माझ्याजवळ राहिली तर मी सारखी उघडून बघेन.”

आता भावाच्या शेतात त्या करडईची फुलं खुडतात, काटे टोचून घेतात आणि रंग काढतात. रंगवलेल्या तुकड्याचा फोटो येतो, मागोमाग फोन. “आपल्या पट्टीशी लावून बघ.” फोनवरच्या फोटोत खरा लाल कळत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. ऐकतील तर शपथ.

“सांग ना, आला का?”

“नाही ताई. टोमॅटोच आहे.”

“बरं. पुढच्या वर्षी.”

परवा पुन्हा फोटो आला. मी कपाटातून काळा कागद काढला आणि उघडायच्या आधी उठून पडदा ओढला. कड्या वाजल्या.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “ताई आल्या का रे? चहा टाकू?”