डाव्या गुडघ्याला उनकेश्वर, उजव्याला सालबर्डी

आत्ताआत्तापर्यंत माझी आई माझ्या घरी यायची ती पाण्याची बाटली घेऊन. तिच्या गावाहून, हिंगणीहून, निघताना घरच्या माठातलं पाणी भरायचं, भाकर फडक्यात बांधायची आणि वर्ध्याजवळ नालवाडीला माझ्या सोफ्यावर, माझ्या पंख्याखाली बसून माझ्यासमोर स्वतःचंच खायचं-प्यायचं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तिचा नेम. आमच्याकडच्या जुन्या माणसांत हा नेम असतोच, पण लेकीला मूलबाळ झालं की तो सुटतो. माझा मुलगा कॉलेजात गेला तरी आईचा सुटला नव्हता. सेलूच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "तीन लेकी देल्या, पण एकीच्याबी घरचा घोट नाई घेतला." मला या वाक्याचा मनस्वी राग यायचा. मी शाळेत शिकवते. वर्गातली पोरं तहान लागली की हक्कानं माझी बाटली मागतात, आणि जन्म दिलेली बाई माझ्या घरात पाहुण्यासारखी बसते, हे काय आहे?

तर या बाईचे गुडघे गेले. वाफ्यात उकिडवं बसून मेथी खुडायची म्हणजे आता माझ्या वहिनीनं हाताला धरून उठवायचं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. आई म्हणाली, पाहू. तिचं 'पाहू' म्हणजे नाहीच असतं. हे फोनवरून माझ्या दोन्ही बहिणींना कळलं आणि आमच्या घरात पाण्याची लढाई पेटली.

आम्ही तिघी बहिणी. ताईला दिली ती आदिलाबादकडे, तेलंगणात. धाकटीला दिली ती पांढुर्ण्याकडे, मध्यप्रदेशात. मी मधली, तेवढी वर्धा जिल्ह्यातच राहिले. ताई म्हणाली, आईला माझ्याकडे पाठवा, आमच्यापासून जवळच किनवटकडे उनकेश्वर आहे, महादेवाचं ठिकाण, गंधकाचं गरम पाणी, धरून आणलेली माणसं चालत जातात. धाकटी म्हणाली, गंधकाचा वास कोण सोसणार, माझ्याकडे पाठवा, आमची सालबर्डी आहे, नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश, गरम पाण्याचा झरा आहे, शिवाय डोंगराची हवा. ताई म्हणाली, हवेनं गुडघे बरे होत नसतात. धाकटी म्हणाली, वासानंही होत नसतात. त्यानंतर चार दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोघी माझ्याशी बोलल्या, ते त्याहून वाईट.

माझ्याकडे सुचवायला काहीच नव्हतं. नालवाडीत गरम पाणी म्हणजे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येतं ते. मी दर रविवारी हिंगणीला जाऊन दोन्ही बाजूंचे निरोप आईच्या कानावर घालायची, आणि आई सांभार निवडत निवडत, म्हणजे आमची कोथिंबीर, नुसती हूं हूं करायची.

एका रविवारी ती म्हणाली, "दोघीईले सांग, पाणी पाठवा म्हना. एकेक कॅन."

"पाणी कशाला? तिथं जाऊन बसायचं असतं त्यात."

"बी घेतो तं मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाह्यतो का नाई? उगवलं तं पेरतो. मंग पान्याले काऊन नाई पाह्याचं?"

बियाण्याच्या दुकानदाराचं आईनं कधी ऐकलं नाही, पाकिटावरच्या फोटोचं तर नाहीच. आपल्या डोळ्यांनी मोड पाहिल्याशिवाय तिनं एक वाफा पेरला नाही, आणि तिच्या भाजीला नाव ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तिला हे सगळं कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. मी तिचा निरोप जसाच्या तसा दोन्ही राज्यांत पोचवला.

ताईचा कॅन हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सनं आला. तो घ्यायला मी हायवेवरच्या जाम गावच्या चौकात उभी होते. वडापावाच्या गाड्या, ट्रकवाले, बसची वाट पाहणारी बिऱ्हाडं आणि त्यांच्यात मी, पदर खोचून. क्लीनरनं कॅन खाली देताना विचारलं, "मॅडम, गंगाजल है क्या?" मी म्हटलं, "उससे भी भारी है." धाकटीचा कॅन तिचा नवरा स्वतः घेऊन आला. जावई म्हणून त्याला पुरणपोळी मिळाली, आणि निघताना भाजीची एवढी मोठी पिशवी.

मग सुरू झाली परीक्षा. ताईच्या कॅनचं झाकण निळं, धाकटीच्या कॅनचं पांढरं. डाव्या गुडघ्याला उनकेश्वर, उजव्याला सालबर्डी. वहिनी रोज संध्याकाळी चुलीवर दोन गंजांत, म्हणजे पातेल्यांत, दोन पाणी तापवायची. आई आधी दोन्हींत बोट बुडवून पाहायची, एक जास्त कढत असेल तर निवू द्यायची. फडकी एकाच जुन्या लुगड्याची, दोन सारखी फाडलेली. तराजूच्या पारड्याला आयुष्यात कधी अंगठा न लावलेली बाई ती. लेकींच्या पाण्यालाही तोच न्याय. वहिनी हसून म्हणाली, "आई, एक पाय तेलंगणात, एक मध्यप्रदेशात. मंग तुम्ही बसल्या कोठी?" आई म्हणाली, "वर्धा जिल्ह्यात. अजून कोठी?"

रोज रात्रीच्या जेवणाआधी दोन फोन यायचे. ताई विचारायची, डावा कसा आहे? धाकटी विचारायची, उजवा कसा आहे? आई दोघींना सांगायची, "बरा हाय." मला मात्र एका रविवारी तिनं खरं सांगितलं. दोन्ही गुडघे सारखेच. शेकलं की रात्रभर हलके, सकाळी पुन्हा तेच.

"मग संपलं," मी म्हटलं. "कुठंच जायला नको."

गुडघ्यांवरची दोन्ही फडकी तिनं पिळून नीट घडी घातली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला गुडघ्यांचं एवढं पडलेलं नाही. पाण्याच्या निमित्तानं दोन लेकी तिला बोलावत होत्या, हट्टानं, भांडून. वीस-पंचवीस वर्षांत तिनं त्यांची घरं बाहेरून पाहिली होती, लग्नकार्यापुरती, आणि तेव्हाही जेवायला मांडवात बसली नव्हती. तिच्या नेमापुढे दोघी कधी 'ये' म्हणाल्याच नव्हत्या. आता देवाच्या पाण्याचं कारण मिळालं होतं. माझ्या बहिणी सालबर्डी आणि उनकेश्वरसाठी भांडत नव्हत्या. त्यांना आई एक रात्र आपल्या घरी हवी होती. हे लक्षात आलं आणि मला दोघींचा राग येईनासा झाला.

त्याच संध्याकाळी आईनं मला दोघींना एकत्र फोन लावायला सांगितला. मोबाईल तिनं खाटेवर ठेवला आणि स्क्रीनकडे न बघता, समोरच्या चुलीकडे बघत विचारलं, "मले एक सांगा. तुमी सोता उतरल्या का त्या पान्यात?"

धाकटी लगेच म्हणाली, "तर! दर शिवरात्रीले. पोट्टे घेऊन, सासू घेऊन. मस्त वाटते आई, येजो तू!"

ताई हळू म्हणाली, "मी नाई गेली कधी."

"काऊन?"

"सासरे पडून होते, मंग सासू. मंग कापूस, मंग लेकाचं लग्न. जवळच तं हाय, जाऊ कधी बी, असं म्हणता म्हणता राह्यलं." आणि मग, "माहे बी गुडघे दुखतात, आई. तुले सांगतलं नाई."

एवढी वर्षं ती प्रत्येकाला उनकेश्वरला धाडत होती. पाण्याची तारीफ तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेली होती.

आई म्हणाली, "मंग झालं. मी उनकेश्वरले येतो. तुले घेऊन उतरतो पान्यात."

मी जपून विचारलं, "राहशील कुठं?" धर्मशाळेत, असं उत्तर येईल म्हणून मी तयारच होते.

"तिच्या घरी. नाई तं तिले कोन नेईन?" मग माझ्याकडे न बघता, "जेवीन बी. गुडघे दुखून राह्यले तरी ती सैपाक करीन, आन मी बांधून नेलेली भाकर खाऊ का तिच्यासमोर?"

वहिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. स्पीकरवर ताईचं नाक ओढणं ऐकू येत होतं. धाकटी म्हणाली, "मंग मीबी येतो. आमच्या सालबर्डीपेक्षा काय वेगळं हाय ते पाह्यतो." त्यात रुसवा होता, पण आवाज हसरा होता. शिवरात्रीला सालबर्डी, हे आईनं तिला तिथल्या तिथं कबूल केलं.

मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले नाही. पण धाकटीनं पाठवलेला फोटो माझ्या मोबाईलवर आहे. पाण्याची वाफ, आणि त्यात पायरीवर बसलेल्या दोघी, आई आणि ताई, गळ्यापर्यंत ओल्या. कोणी कोणाला धरून उतरवलं ते कळत नाही. मी तो फोटो शाळेतल्या सगळ्या बायांना दाखवला, शिपाईबाईंनासुद्धा. शिपाईबाई म्हणाल्या, तुमच्या बहिणी किती सारख्या दिसतात. मी म्हटलं, त्यांच्यातली एक माझी आई आहे. असं सांगताना मला जो अभिमान वाटला, तो नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटला नव्हता.

परतताना आई जामला उतरली. मी स्कूटर घेऊन गेले होते. बसमधून ती एकेक पाय ठेवत, दांड्याला धरून, पण स्वतः उतरली. गुडघे तसेच होते, ते मी पाहिलं. हिंगणीची बस नंतरची होती, म्हणून तिला आधी नालवाडीला आणलं. ती सोफ्यावर बसली, पंखा लावला. पिशवी बाजूला ठेवली. मी सवयीनं वाट पाहत उभी होते, ती बाटली काढेल म्हणून.

तिनं पिशवीला हात लावला नाही. म्हणाली, "पानी दे वं."

मी फ्रिजकडे वळले तर ओरडली, "माठातलं दे. ते बरफावानी नोको."

मी माठातलं पाणी तांब्यात काढलं. थोडं पाणी फरशीवर सांडलं. तिनं तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"अजून दे," ती म्हणाली.