निळं न होणारं पाणी

चिक्कडपल्लीच्या मॅचिंग सेंटरात असताना नामदेवराव ब्लाऊजपीस कधी उन्हात नेऊन बघत नसत. आत, ट्यूबलाइटखालीच रंग जुळवायचे. रंग कधी चुकायचा नाही.

दुकान बंद झालं. मग त्यांनी मेहुण्याबरोबर, रितेशबरोबर, बंगल्यांतले स्विमिंग पूल सांभाळायचं काम धरलं. सफाई आणि औषधं रितेशकडे. पाण्याची तपासणी नामदेवरावांकडे.

पाणी किती जड आहे ते रंगावरून कळतं. नळीत पाणी घ्यायचं, ते गुलाबी करायचं, मग दुसरं औषध थेंब थेंब सोडायचं. पाणी निळं झालं की थांबायचं. सत्यवतीबाईंच्या पूलचं पाणी जांभळ्यावरच अडलं. नामदेवरावांनी नळी धुतली. नवी बाटली फोडली. पुन्हा जांभळं.

"निळंच तर आहे, दाजी," रितेश म्हणाला.

"मोरचूद टाकलंस का?"

शेवाळ मारायला मोरचूद स्वस्त पडतं, घासायचे कष्ट वाचतात. पण त्यानं पांढरे केस हिरवट होतात, आणि सत्यवतीबाई रोज पोहायच्या. त्यांच्या पूलमध्ये ते टाकायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

"ताईची शपथ. कायकू परेशान होताय? साठी उलटली, डोळे दाखवा एकदा."

ताई म्हणजे नामदेवरावांची बायको, वंदना. त्यांनी विश्वास ठेवला आणि नारायणगुड्यात डोळे दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. तरी ते वंदनाच्या साड्यांकडे बघत राहायचे. हिरवी का मोरपंखी, मनातल्या मनात ठरवायचे आणि तिला विचारायला घाबरायचे.

एका सकाळी त्यांनी काचीगुड्याच्या घरी नळाचं पाणी तपासलं. लख्ख निळं झालं.

"वंदना, रंग कोणता?"

"निळा. का हो?"

त्यांनी तेच पाणी पुन्हा घेतलं. या वेळी आधी मोरचुदाची कणी घातली. पाणी जांभळ्यावर थांबलं.

"अहो, काय घातलंत त्यात?"

"तुझ्या भावानं घातलं तेच."

ती गॅसकडे वळली.

ते तडक सत्यवतीबाईंकडे गेले. तिथल्या पाण्याची नळी त्यांच्यासमोर धरली, सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रितेश बोलला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, दाजींना हल्ली दिसत नाही, पण कबूल करणार नाहीत. माझ्यावर ढकलतील. तुम्ही त्यांना दुखवू नका. चांगला मुलगा आहे हो. एक तारखेपासून एकटाच येणार आहे ना तो?"

हे नामदेवरावांना माहीत नव्हतं.

"बाई, तुम्हीच बघा. हा रंग कोणता?"

सत्यवतीबाईंनी नळीकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही म्हणाल तो," त्या म्हणाल्या.