बांधावरची गवंडीण

थोरल्या भावानं मला फसवलं. मला न विचारता त्यानं आमचा माळ विकून टाकला.

जमिनीचे वाटे थोरल्यानं करायचे आणि आधी धाकट्यानं आपला वाटा उचलायचा, ही आमच्याकडची रीत. मी विहिरीकडची काळी जमीन उचलली. का नाही उचलणार? कर्जतच्या बाजारात शेरडं विकत मी वर आलो, एका नजरेत माल ओळखतो. खडकाळ माळ त्याच्याकडं गेला. पण विकायचं झालं तर आधी भावाला विचारायचं, हीसुद्धा रीतच. ती त्यानं मोडली. आता तिथं तारेचं कुंपण आणि सोलरच्या काचा आहेत. तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

परवा सकाळी बांधावर एक किडा दिसला. काळा, दोऱ्याएवढी कंबर, मागं तांबडं पोट. गांधीलमाशी म्हणावी तर तशीही नव्हे. ओढत आणलेली हिरवी अळी त्यानं बिळात नेली, बाहेर येऊन बीळ मातीनं बुजवलं आणि तोंडात खडा धरून वरची माती ठोकून बसवली. मी उकिडवा बसून बघत राहिलो. एवढं नीटनेटकं काम मी गड्यांकडूनही कधी करून घेऊ शकलो नाही.

शेतीच्या औषधांच्या दुकानात मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो दाखवला. "मारायचं औषध देतो की शेठ, नाव कशाला पायजे?" दुकानदार हसला. मी त्याच्यावर खेकसलो आणि बाहेर आलो.

नाव सांगणारा एकच माणूस उरला होता. लहानपणी आम्ही दोघं भाऊ आईबरोबर शेरडं घेऊन माळावर जायचो. ती वाकून काहीबाही दाखवायची. तो ऐकायचा. माझं लक्ष कुठलं बोकड आधी विकायचं याकडं.

फोन लावला. "दादा, कंबर बारीक, पोट तांबडं, अन् खड्यानं माती ठोकतोय. काय हाय ते?"

तो म्हणाला, "गवंडीण. आईनंच ठेवल्यालं नाव. लेकरासाठी अळी ठेवती अन् दार लिंपती, म्हनायची. माळावर लई हुत्या."

"मग माळ इकताना मला का इचारलं न्हाई?"

"इचारून काय केलं असतंस? भावच पाडला असतास की!" त्यानं फोन ठेवला.

पाडला असता. शिव्याही घातल्या असत्या. पण माळ जाऊ दिला नसता. आई वाकायची ती जागा मी कुंपणाबाहेरून किती दिवस बघू? मला माळ नकोच असणार, हे त्यानं परस्पर कसं ठरवलं? इथं बांधावर येऊन माझ्या तोंडावर सांगावं त्यानं.